बिघाडाचा मानपान

आपल्याकडे मानपान कशात नसतो? लग्नात असतो, जत्रेच्या पालखीत असतो, आणि नगर जिल्ह्यात तर कारखान्याच्या गव्हाणीत पहिली मोळी कुणाच्या हस्ते पडावी यातही असतो. त्याचे नवल नाही. नवल याचे की बिघाडालाही मानपान असतो आणि तो व्याह्यांच्या मानपानापेक्षा कडक पाळला जातो. कारखान्याचे गट ऑफिस असो, दूध संकलन केंद्र असो की तालुक्याची पतसंस्था, कॉम्प्युटरवरून सभासदांना जाणारे मेसेज बंद पडले की कारणांची यादी ठरल्या क्रमाने जाहीर होते. पहिला मान व्हायरसचा. दुसरा हॅकिंगचा, त्यात एखाद्या परक्या देशाचे नाव गोवता आले तर दुधात साखर. तिसरा 'सर्व्हर डाऊन' या मंत्राचा. याचा अर्थ सांगणाऱ्याला ठाऊक नसतो आणि ऐकणाऱ्याला विचारायची लाज वाटते. चौथे कारण अखिल महाराष्ट्राचे लाडके, 'वरूनच प्रॉब्लेम आहे'. एवढे सत्कार आटोपल्यावर, दुपारचा चहा झाल्यावर, कुणीतरी टेबलाखाली वाकते आणि झाडू मारताना निघालेली वायर परत खोचते. मेसेज सुरू होतात. वायरीला नारळ-शाल मिळत नाही. आमचे म्हणणे एवढेच की मेसेजची यंत्रणा बंद पडण्याचे कारण बहुतेक वेळा फुकटात तपासता येईल इतके क्षुल्लक असते, आणि ते शेवटी सापडते ते केवळ क्षुल्लक असल्यामुळे. बिघाड शोधताना आपण शक्यता बघत नाही, प्रतिष्ठा बघतो.

मुळात ही यंत्रणाच साध्या घरातली. एक कॉम्प्युटर, त्याला यूएसबीने जोडलेला जीएसएम मोडेम किंवा ड्रॉवरमध्ये पडलेला जुना मोबाइल, त्यात एक सिम, आणि या मंडळींची आपसात बोलणी करून देणारे सॉफ्टवेअर. झाला एसएमएस सर्व्हर. सॉफ्टवेअरही फुकट मिळते. फिनलंडच्या वॅपिट कंपनीत १९९९ साली सुरू झालेले कॅनेल आहे, नाना तऱ्हेच्या मोबाइलशी जुळवून घेणारे गामू आहे, केन बँक्स यांनी २००५ साली स्वयंसेवी संस्थांसाठी काढलेले फ्रंटलाइनएसएमएस होते. एसएमएसची कुळकथाही गरिबीचीच. टॉवर आणि फोन यांच्यात 'आहेस का', 'आहे' अशी जी सांकेतिक बोलणी चालतात, त्यांच्या वाटेवर थोडी जागा रिकामी पडून असे. तिच्यात हा निरोप बसवला. जागा १४० बाइटांची, म्हणजे रोमन लिपीतल्या १६० अक्षरांची. एवढ्यात माणसाचे भागेल का, हे पाहायला फ्रीडहेल्म हिलेब्रांड या जर्मन अभियंत्याने १९८५ च्या सुमारास टाइपरायटरवर सुचतील ती वाक्ये बडवली, अक्षरे मोजली आणि भागेल असा निकाल दिला. पुढे ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ यांनी जगातला पहिला एसएमएस पाठवला तो कॉम्प्युटरवरून. मजकूर नाताळच्या शुभेच्छांचा. म्हणजे कॉम्प्युटरवरून मेसेज धाडणे ही एसएमएसची बाळघुटी आहे. उरल्यासुरल्या जागेत जन्मलेल्या या वस्तूचे आजारही उरलेसुरलेच असणार, पण आपण तिला तपासायला थेट हृदयरोगतज्ज्ञ बोलावतो.

असली गरीब वस्तू सहकाराच्या माहेरी कशाला हवी, असे कुणी विचारील. उत्तर उसात आहे. १९५० साली लोणीजवळ प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांच्या साथीने सहकारी साखर कारखाना उभा केला. मग संगमनेर, कोपरगाव, श्रीरामपूर, राहुरी, नेवासा, श्रीगोंदा अशी जिल्हाभर धुराडी उभी राहिली, आणि धुराड्यांबरोबर निरोपांची गरजही उभी राहिली. नोंद आडसालीची की खोडव्याची, तोड कधी मिळणार, टोळी येणार की मुकादम नुसताच फोन उचलणार, काट्यावर वजन किती भरले, पहिली उचल कधी जमा होणार: ऊसवाल्याचे वर्ष या प्रश्नांत सरते. पूर्वी या सगळ्याचे उत्तर म्हणजे चिटबॉय. तो वस्तीवर येई, चिठ्ठी देई, चहा घेई आणि गावभरच्या बातम्या फुकटात सांगून जाई. आता काट्यावर वजन झाले की मोबाइलवर मेसेज येतो. तो चहा मागत नाही, पण वजन कमी का भरले असे विचारले तर गप्प बसतो. 'अहो, आता व्हॉट्सॲप आहे की!' हा आक्षेप दणकट वाटतो खरा. पण व्हॉट्सॲपला स्मार्टफोन लागतो, नेट लागते, आणि वजनाच्या आकड्यापर्यंत पोचायला 'शुभ सकाळ'चे गुलाब बाजूला सारत जावे लागते. एसएमएस साध्या बटणांच्या फोनवर येतो. फोन बंद असला तर मोबाइल कंपनीच्या संदेश केंद्रात ठरावीक मुदतीपर्यंत थांबतो आणि फोन चालू झाला की हजर होतो. अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, कळसूबाईच्या कुशीतल्या वाड्यांवर रेंज पावसासारखी लहरी असते. तिथे न कंटाळता थांबणारा निरोप्या हाच खरा निरोप्या.

क्षुल्लक वस्तू मोठ्या वस्तूला भारी पडते याचा पुरावा हवा असेल तर कोल्हापूर जिल्ह्यात वारणानगरला जावे. तिथल्या सहकारी समूहात १९९८ साली 'वायर्ड व्हिलेज' नावाचा प्रकल्प सुरू झाला. सुमारे ७० गावे, गावोगावी कॉम्प्युटरची केंद्रे, केंद्र आणि राज्य सरकारचा हातभार. उद्देश थोर होता: शेतकऱ्याला जगाची माहिती गावात मिळावी. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी जाऊन पाहिले तर शेतकरी त्या केंद्रांवर जगाची माहिती मागत नव्हता. त्याला आपल्या उसाचा हिशेब हवा होता. तेवढ्यासाठी दर गावात एक कॉम्प्युटर, त्याची वीज, त्याची दुरुस्ती आणि त्याची धूळ सांभाळणे चालले होते. तेव्हा राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंटारो टोयामा यांनी उलटा प्रयोग केला. गावातला कॉम्प्युटर बाजूला, केंद्रचालकाच्या हाती मोबाइल, आणि कारखान्यात एका कॉम्प्युटरला जोडलेला फोन. प्रश्न एसएमएसने जाई, उत्तर एसएमएसने येई. ७ गावांत ८ महिने हे चालवून त्यांनी निष्कर्ष काढला की कॉम्प्युटर करत होता ती सगळी कामे मोबाइलने केली, ती स्वस्तात झाली, सोयीने झाली आणि शेतकऱ्यांना जास्त पसंत पडली. प्रकल्पाचे नाव 'वारणा अनवायर्ड'. त्यातून निघालेले एसएमएस सर्व्हरचे टूलकिट त्यांनी इतरांसाठी खुलेही केले. आता कुणी म्हणेल, मग हे आधीच का सुचले नाही? कारण उघड आहे. कॉम्प्युटर केंद्राची फीत कापता येते, कोनशिला बसवता येते, फोटो निघतो. मोबाइलच्या चार्जरला फीत कुठे बांधणार?

आता बिघाडाकडे वळू. तो शोधायचा कसा, हे नगर जिल्ह्यातल्या पाटकऱ्याला शिकवावे लागत नाही. टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाच्या, शेताला पाणी आले नाही तर तो टेलवाल्याच्या विहिरीत डोकावत बसत नाही. धरणातून आवर्तन सुटले का, कालव्यात आले का, चारीचे दार उघडे आहे का, रात्रीतून कुणी मधेच फोडून घेतले का, असे बघत तो वरून खाली येतो आणि ओल जिथे संपते तिथे चोर सापडतो. मेसेजचा पाटही असाच: वीज, कॉम्प्युटर, वायर, मोडेम, सिम, रेंज, संदेश केंद्र, आणि टेलला सभासदाचा मोबाइल. उलट इथे सोय जास्त, कारण मोडेमला विचारले तर तो बोलतो. १९८१ साली हेज कंपनीच्या मोडेमसाठी तयार झालेली आज्ञांची भाषा आजचे मोडेमही समजतात. पुट्टीसारखा छोटा प्रोग्रॅम उघडावा, 'एटी' ही दोन अक्षरे टाइप करून एंटर मारावे. पलीकडून 'ओके' आले की वीज, वायर, पोर्ट आणि मोडेम असे चार आरोपी एका क्षणात निर्दोष सुटतात. मग सिमची चौकशी करावी. ते 'रेडी' म्हणते किंवा पिन मागते. मग रेंज विचारावी. तो ० ते ३१ मधला आकडा सांगतो, आणि कळत नसेल तर ९९ सांगतो. सरकारी-निमसरकारी व्यवहारात 'मला माहीत नाही' असे सांगणारा हा एकमेव कर्मचारी असावा. शेवटी एक मेसेज हाताने पाठवावा. इथेही एक मेख आहे. मजकूर संपल्यावर एंटर मारून भागत नाही, कंट्रोल आणि झेड एकदम दाबावे लागतात. ते दाबले नाहीत तर मोडेम पुढचे वाक्य ऐकायला बसून राहतो, आणि माणूस 'हँग झाला' म्हणत त्याच्यासमोर बसून राहतो. दोघेही सभ्य असल्यामुळे कुणीच उठत नाही.

या चौकशीत सापडणारे गुन्हेगार पाहावेत. एकालाही कुळशील नाही. मोडेम यूएसबीच्या डाव्या खाचेत होता तेव्हा विंडोजने त्याला 'कॉम ३' म्हटले होते. पुसापुशी करताना तो उजव्या खाचेत गेला आणि त्याचे नाव 'कॉम ७' झाले. सॉफ्टवेअर अजून तिसऱ्या नंबरच्या दाराशी कडी वाजवत उभे. डिव्हाइस मॅनेजर उघडून आकडा बदलला की काम झाले, पण अर्धा दिवस व्हायरस मारण्यात गेलेला असतो. दुसरा गुन्हेगार डोंगलबरोबर फुकट आलेला प्रोग्रॅम. तो कॉम्प्युटर सुरू होताच स्वतःहून उघडतो आणि पोर्टवर बूड टेकतो. एका पोर्टवर दोघांना बसता येत नाही, त्यामुळे सर्व्हरला 'ॲक्सेस डिनाइड' ऐकावे लागते. तिसरा सिमची मेमरी. अनेक सिममध्ये वीस-पंचवीस मेसेजची जागा असते, ती मोबाइल कंपनीच्या रिचार्ज आणि हॅलो ट्यूनच्या निरोपांनी भरून जाते, मग शेतकऱ्याचा मेसेज आत घेता येत नाही. चौथा तर केवळ सोयरिकीतला घोळ: मोडेम २जीचा आणि सिम जिओचे. २०१६ साली आलेल्या जिओने २जीचे जाळे टाकलेच नाही, त्यामुळे हे लग्न कोणत्याही मुहूर्तावर लागत नाही. पाचवा वीज वाचवण्याच्या सद्हेतूने यूएसबीचा पुरवठा झोपवणारे विंडोज. सहावा संपलेला बॅलन्स, ज्याची कबुली द्यायला ऑफिसात कुणीच तयार नसते, कारण रिचार्ज कुणी करायचे हा विषय कार्यकारिणीपुढे प्रलंबित असतो. आता सांगा, यातल्या एकासाठी तरी नगरहून इंजिनिअर बोलवावा लागेल?

मेसेजच्या मजकुरातही असेच फुकटे चोर लपलेले असतात. रोमन लिपीत १६० अक्षरे मावतात, पण देवनागरीचे एक अक्षर आत शिरले की सगळा हिशेब बदलतो आणि ७० च्या पुढे मेसेज फुटतो. फुटला की प्रत्येक तुकड्यात ६७ च. त्यात देवनागरीचा हिशेब डोळ्यांना दिसतो तसा नसतो. 'ज्ञानेश्वर' वाचताना अक्षरे चार. यंत्राच्या लेखी ज, पाय मोडायचे चिन्ह, ञ, काना, न, मात्रा, श, पुन्हा पाय, व आणि र अशी दहा. याच जिल्ह्यात नेवाशाला ज्ञानेश्वरांनी नऊ हजारांवर ओव्या सांगितल्या आणि सच्चिदानंदबाबांनी त्या उतरून घेतल्या. ते काम एसएमएसवर सोपवले असते तर बऱ्याच ओव्यांचा शेवटचा चरण दुसऱ्या मेसेजात गेला असता आणि बाबांना दोनदा पैसे पडले असते. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, तिथेही 'अहमदनगर'ची सात चिन्हे जाऊन दहा आली. सत्तरातली तीन नव्या नावाला गेली. सर्वांत मासलेवाईक प्रकार रुपयाचा. एसएमएसच्या मूळ अक्षरसंचात डॉलर आणि पौंड पहिल्यापासून पाटावर बसलेले आहेत. २०१० साली आलेल्या रुपयाच्या नव्या चिन्हाला त्यात पाट नाही. रोमन लिपीतल्या मेसेजात ऑपरेटरने हौसेने ते चिन्ह टाकले की १६० अक्षरांचा मेसेज ७० वर येतो आणि एकाचे तीन होतात. महिनाअखेरीस बिल तिप्पट का, याची चौकशी समिती नेमली जाते. समितीचा भत्ता वेगळा.

वेगाचेही तसेच. 'मेसेज जात नाहीत' ही तक्रार पुष्कळदा 'मेसेज हळू जातात' अशी असते. साध्या मोडेमला एक मेसेज पाठवायला साधारण सहा सेकंद लागतात असे धरले, तर मिनिटाला १०. दहा हजार सभासद असतील तर १,००० मिनिटे, म्हणजे १६ तास ४० मिनिटे. वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना शुद्ध मराठीत दीडशे चिन्हांची असेल तर तिचे तीन तुकडे, म्हणजे ५० तास. दोन दिवस आणि वर दोन तास मोडेम एकसारखा राबतो आहे, आणि सेक्रेटरी दर अर्ध्या तासाने तो बंद करून पुन्हा सुरू करत आहेत, कारण 'चालत नाही'. रांगेत उभ्या मेसेजांची नोंद नीट राहिली नसेल तर दर वेळी यादी पहिल्यापासून सुरू होते. आडनावाने 'अ' ते 'क' मधले सभासद सभेला तीनतीनदा निमंत्रित होतात आणि 'ह' मधल्यांना सभा झाल्याचे पेपरात कळते. मग 'ह' मधले सभासद म्हणतात, आम्हाला मुद्दाम डावलले. राजकारणाचा आरोप होतो, खुलासा मागवला जातो. खरे कारण एक भागाकार, पण भागाकाराला विरोधी गट नसतो, त्यामुळे त्याच्यावर कुणी बोलत नाही.

यावर शहाणी माणसे सांगतात, 'हा घरगुती उद्योगच कशाला? घाऊक मेसेज पाठवणाऱ्या कंपनीला काम द्यावे.' बरोबर आहे, आणि धंद्याच्या मेसेजांसाठी आता तोच मार्ग आहे. दूरसंचार नियामक 'ट्राय'च्या २०१८ च्या नियमांनंतर संस्थेने डीएलटी नावाच्या यंत्रणेत नोंदणी करायची, आपला हेडर घ्यायचा आणि मेसेजचा साचा आधी मंजूर करून ठेवायचा. साध्या सिमवरून हजारोंना व्यावसायिक निरोप धाडणे नियमात बसत नाही. घरच्या मोडेमला ऑफिसातले निरोप आणि पंपाच्या धोक्याच्या सूचना अशी कामे उरली. पण म्हणून क्षुल्लक कारणे संपली, हा गैरसमज. ती बढती मिळून वर गेली. ८ मार्च २०२१ रोजी मोबाइल कंपन्यांनी मंजूर साच्याशी जुळवून पाहण्याची चाळणी लावली आणि देशभर ओटीपी अडकले. बँका, खरेदी, सरकारी सेवा, सगळ्यांचे निरोप चाळणीवर राहिले, आणि ट्रायला ती चाळणी सात दिवस बाजूला ठेवावी लागली. हॅकर नव्हते, व्हायरस नव्हता. नोंदवलेला मजकूर आणि पाठवलेला मजकूर जुळत नव्हता. साच्यात मोकळ्या सोडलेल्या जागेत किती अक्षरे चालतील यालाही मर्यादा असते, त्यामुळे विविध कार्यकारी सोसायटीचे पूर्ण नाव बसवायला गेले की मेसेज दारातूनच परत. साच्यात 'अहमदनगर' पक्के नोंदवलेले असेल आणि कुणी राजनिष्ठेने 'अहिल्यानगर' पाठवले तरी परत. तेव्हा ऑफिसातून आवाज येतो, 'वरूनच प्रॉब्लेम आहे.' वर विचारावे तर ते म्हणतात, तुमचा साचा बघा.

तरीही न्यायाने सांगायला हवे की कधीकधी कारण खरोखर मोठे असते. सप्टेंबर २०१० मध्ये अयोध्येच्या निकालाच्या तोंडावर सरकारने देशभर घाऊक एसएमएस बंद केले होते. सप्टेंबर २०११ मध्ये एका सिमला दिवसाला १०० मेसेजची मर्यादा आली, ती लवकरच २०० झाली. त्या हिशेबाने दहा हजार सभासदांची सभा बोलवायला एका सिमला ५० दिवस. ऑगस्ट २०१२ मध्ये ईशान्येकडच्या लोकांविषयी अफवा पसरल्या तेव्हा काही दिवस घाऊक मेसेजवर दिवसाला पाचाचा लगाम होता. या काळात सर्व्हर ठणठणीत असूनही मुका होता. विजेचा लोळ येऊन मोडेम जळणे हेही खरे. म्हणून आमचा सिद्धान्त पडतो का? पडत नाही. मोठे कारण ओळखायची परीक्षाही फुकटचीच आहे: बॅलन्स आहे ना हे बघून तेच सिम काढून साध्या मोबाइलमध्ये घालावे आणि हाताने एक मेसेज पाठवून पाहावा. गेला तर दोष तुमच्या टेबलावर, नाही गेला तर टेबलाबाहेर. सुरक्षेची गोष्टही याच जातीची. शनिशिंगणापूरला घरांना दारे नाहीत, २०११ साली युको बँकेने तिथे बिनकुलपाची शाखा काढली; ती श्रद्धा आहे. पण कॅनेलच्या नमुना फायलीत छापलेले 'टेस्टर' हे नाव आणि 'फूबार' हा पासवर्ड तसाच ठेवून सर्व्हर इंटरनेटवर उघडा सोडणे याला श्रद्धा म्हणत नाहीत. त्या सर्व्हरवरून भलत्यांनी मेसेज पाठवले तर हॅकिंग झाल्याची तक्रार अवश्य करावी, पण दार आपण उघडे ठेवले होते एवढे खासगीत मान्य करावे.

मग सगळ्यांना हे कळत असून असे का होते? कारण प्रतिष्ठेमागे अर्थशास्त्र आहे. वायर खोचणाऱ्याला चहा मिळतो. कॉम्प्युटर फॉरमॅट मारणाऱ्याला बिल देता येते. विंडोज पुन्हा टाकल्याचे व्हाउचर निघते, अँटिव्हायरसची पावती फायलीला लागते, नवा सर्व्हर घ्यायचा ठराव मांडता येतो आणि त्याला सूचक-अनुमोदक मिळतात. 'यूएसबीची खाच बदलली' या कामाचे व्हाउचर कोण मंजूर करणार? लेखापरीक्षकही त्याच्याकडे संशयाने बघेल. शिवाय क्षुल्लक कारण सापडले की कुणीतरी लहान होते: ज्याने झाडले तो, ज्याने रिचार्ज केले नाही तो, ज्याने हौसेने रुपयाचे चिन्ह टाकले तो. व्हायरस मात्र कुणालाच लहान करत नाही. तो परगावचा असतो, त्याला आडनाव नसते, त्याची भावकी नसते. गावात राहायचे तर असाच आरोपी परवडतो. हे शहाणपण आम्ही हसण्यावारी नेत नाही. एका ऑफिसात वीस वर्षे शेजारी बसायचे तर ते लागते. पण त्याची किंमत जो मोजतो तो ऑफिसात नसतो. तो बांधावर उभा असतो, त्याचा ऊस वाळायला लागलेला असतो आणि त्याला तोडीचा किंवा वजनाचा मेसेज आलेला नसतो.

तेव्हा ज्यांच्या ताब्यात असा सर्व्हर आहे त्यांना दोन सूचना. पहिली, क्षुल्लक दोष पहिल्यांदा शोधून काढणाऱ्याला पुढच्या सभेत नाव घेऊन शाबासकी द्यावी आणि त्याने कुणाची चूक उघडी पाडली हे विचारू नये. दुसरी, मोडेमशेजारी एक पुठ्ठा टांगावा आणि मोडेम कोणत्या खाचेत, पोर्टचा नंबर कोणता, सिम कोणत्या कंपनीचे, रिचार्ज कधी संपतो आणि मंजूर साचा कोणता, हे त्यावर ठळक लिहून ठेवावे. एवढे करूनही मेसेज गेला नाही तर खुशाल नगरहून, पुण्याहून, बंगळुरूहून इंजिनिअर बोलवावा. तोही आल्यावर हेच विचारणार आहे. वीज, वायर, पोर्ट, सिम, बॅलन्स, रेंज आणि मजकूर या सात गोष्टी याच क्रमाने तपासायला दहा मिनिटे लागतात आणि त्यासाठी कोणत्याही ठरावाची गरज नसते.